शितावरून भाताची परीक्षा : राजारामपुरीतील एका लेखनवर्गाविषयी

कोल्हापुरातील शाहूपुरीतल्या आमच्या इमारतीचे वीजमीटर तळमजल्यावर, वाहने लावायच्या जागेतील भिंतीवर, साधारण छातीइतक्या उंचीवर बसवलेले आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचा फुगवटा जयंती नाल्यातून मागे सरकत आमच्या गल्लीत शिरला, तेव्हा ते सगळे मीटर पाण्याखाली गेले. मीटर पहिल्या मजल्यावर हलवावेत, असा अर्ज मी त्यानंतर आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेपुढे तीनदा ठेवला आणि तिन्ही वेळा तो "पुढे पाहू" या शेऱ्यावर थांबला. अर्जात मी काय लिहिले नव्हते? सासऱ्यांचे आजारपण, अंधारातले दिवस, पाण्याचा वास, होडीतून झालेली सुटका, सगळे होते. वाचणाऱ्यांचे डोळे पाणावत असत, हेही मी पाहिले आहे. पण हात वर होत नसत. माझ्या लिहिण्यात नेमके काय कमी पडते आहे हे समजून घ्यावे, या एकाच हेतूने मी राजारामपुरीतील एका लेखनवर्गात नाव घातले. त्या वर्गाचा अनुभव, त्यातील गुणदोषांसह, येथे नोंदवत आहे.

वर्ग सहा रविवारांचा, दर रविवारी सकाळी साडेनऊ ते साडेबारा असा असतो. शुल्क २,४०० रुपये. वर्गाला फलक नाही आणि स्वतंत्र नावही नाही. एका घराच्या वरच्या मजल्यावरील खोलीत निवृत्त मराठी शिक्षक तो घेतात आणि विद्यार्थी एकमेकांच्या सांगण्यावरून येतात. आमच्या तुकडीत चोवीस जण होते, त्यांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले, दोन वकील, शिरोळ तालुक्यातील एक शिक्षिका आणि माझ्यासारखे कोणत्या तरी अर्जापायी आलेले चार-पाच लोक. विषय एकच: वाचणाऱ्याला पटेल असे लेखन कसे करावे आणि त्यात स्वतःचा अनुभव व पडताळता येणारे पुरावे यांची सांगड कशी घालावी.

पहिला रविवार अनुभवकथनाला दिलेला होता आणि तेवढ्या एका दिवसाने माझ्या शुल्काचा निम्मा मोबदला दिला, असे मी प्रामाणिकपणे म्हणेन. सरांनी प्रत्येकाला आपला प्रसंग लिहायला लावला आणि नंतर तो एक-तृतीयांश करायला सांगितला. माझा प्रसंग दोन पानांचा होता. पूर कसा चढत गेला, कोण काय म्हणाले, होडी केव्हा आली, असे सगळे त्यात क्रमाने होते. सरांनी तो वाचला आणि एका ओळीखाली रेघ मारली. वीज गेल्यावर सासऱ्यांचे इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवून उपयोग नव्हता, म्हणून मी ते ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या माठात ठेवले होते आणि ते फडके दर दोन तासांनी भिजवत होते. तेही पिण्यासाठी भरून ठेवलेल्या पाण्यातून, कारण वीज नसल्याने पंपही बंद होता. ही एक ओळ ठेवा, बाकीचा पूर कोल्हापुरात प्रत्येकाने पाहिला आहे, असे ते म्हणाले. ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असलेले कितीही कळवळून सांगितले, तरी ते त्याला आपल्या जागेवरून हलवत नाही; त्याला ठाऊक नसलेला एक खरा तपशील मात्र हलवतो. हे मला कुणी याआधी इतक्या थेटपणे सांगितले नव्हते.

दुसऱ्या रविवारी या वर्गाचे खरे सूत्र आले. शितावरून भाताची परीक्षा, ही म्हण आपण सगळेच वापरतो. संस्कृतात तिलाच स्थालीपुलाकन्याय म्हणतात. सरांनी विचारले की एक शीत दाबून संपूर्ण भाताविषयी बोलण्याचा अधिकार आपल्याला कशाने मिळतो. उत्तर म्हणजे, सगळे तांदूळ एकाच पातेल्यात, एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेले असतात म्हणून. दोन वेगळ्या पातेल्यांत भात लावला असेल, तर एकातल्या शितावरून दुसऱ्याविषयी काहीही म्हणता येणार नाही. आपला अनुभव हे एक शीत आहे आणि तो अनुभव सांगण्याआधी पातेले कोणते, हे लिहिणाऱ्याने दाखवले पाहिजे. न्यायदर्शनात अनुमान मांडण्याची जी पाच अंगे सांगितली आहेत, म्हणजे प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन, त्यांत उदाहरण तिसऱ्या जागी येते आणि त्याच्या पाठोपाठ येणारा उपनय नेमके हेच काम करतो: दिलेले उदाहरण समोरच्या गोष्टीला लागू कसे पडते, ते दाखवतो. उदाहरणावरून थेट निष्कर्षावर उडी घेण्याची आपल्याला सवय आहे आणि मधली ही पायरी आपण गाळतो. माझ्या तिन्ही अर्जांत ती गाळलेली होती.

या सूत्राच्या उजेडात वर्गातल्या एका मुलाचा निबंध तपासला गेला. हेल्मेटसक्ती नको, असा त्याचा विषय होता आणि त्याच्या मामांनी चाळीस वर्षे हेल्मेटविना गाडी चालवली, त्यांना काहीही झाले नाही, हा त्याचा पुरावा होता. प्रसंग खरा होता, भाषाही चांगली होती. सरांनी एवढेच विचारले, की ज्यांना काही झाले, ते आज असा प्रसंग सांगायला कुठे आहेत? वाचलेल्यांचे अनुभव तेवढे आपल्यापर्यंत पोहोचतात, हा अनुभवकथनातला सर्वांत मोठा धोका त्या एका प्रश्नाने खोलीतल्या प्रत्येकाला दिसला. मोटारसायकल अपघातांवरील अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. त्या मुलाने पुढच्या आठवड्यात निबंधाची बाजू बदलली नाही, परंतु मामांना काढून टाकले आणि सक्तीच्या अंमलबजावणीतील अडचणींवर लिहिले. तो निबंध पहिल्यापेक्षा कितीतरी सरस होता. तो वर्गात वाचून दाखवावा, असे मला मनापासून वाटले होते.

त्याच दिवशी जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे, म्हणजे ब्रिटिश सरकारने नेमलेल्या शिक्षण आयोगापुढे, ठेवलेल्या निवेदनाचा उल्लेख झाला. त्यात ते सुरुवातीलाच सांगतात, की शिक्षणाच्या क्षेत्रातील आपला अनुभव मुख्यतः पुणे आणि आसपासच्या गावांपुरता आहे. मग स्वतः काढलेल्या शाळांविषयी बोलतात आणि तेथून सरकारचा महसूल कोणाच्या श्रमातून येतो व शिक्षणावरील खर्च कोणाच्या वाट्याला जातो, या मोठ्या हिशेबाकडे वळतात. आपल्या अनुभवाची हद्द आधीच सांगून टाकल्यामुळे त्यांच्या बोलण्याचे वजन वाढते. हा उतारा वर्गात जेमतेम दहा मिनिटे घेतला गेला. त्याला पुरा रविवार द्यायला हवा होता.

तिसरा रविवार आकडेवारीचा होता आणि येथे वर्ग उणा पडला, हे स्पष्ट लिहिले पाहिजे. वाटलेल्या झेरॉक्स टिपणांत आकडे भरपूर होते, पण ते कुठून घेतले हे एकाही पानावर नव्हते. पुराव्याचे महत्त्व शिकवणाऱ्या वर्गाच्या टिपणांत पुराव्याचा ठावठिकाणा नसावा, ही मला मोठी उणीव वाटते. त्याहून गंभीर बाब अशी, की परिणामकारक आकड्याचा नमुना म्हणून त्यांत "शंभर वर्षांतून एकदा येणारा महापूर" हा शब्दप्रयोग दिला होता आणि त्याचा अर्थ, एकदा आला की पुढची शंभर वर्षे निश्चिंत, असा लावला होता. आमच्या सभेत माझ्या अर्जाविरुद्ध हेच वाक्य बोलले गेले होते, त्यामुळे मी तेथे अडले.

नदीकाठच्या बांधकामांसाठी पूररेषा आखतात, तेव्हा निळी रेषा २५ वर्षांच्या आणि लाल रेषा १०० वर्षांच्या पुरावरून ठरते. त्यातील १०० वर्षांचा अर्थ असा, की तेवढा मोठा पूर कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता एक टक्का असते. यंदा आला म्हणून पुढच्या वर्षीची शक्यता घटत नाही. तीस वर्षे त्या रेषेपाशी राहणाऱ्या माणसाचा हिशेब केला, तर त्या काळात एकदा तरी असा पूर पाहण्याची शक्यता सुमारे २६ टक्के निघते. २५ वर्षांच्या पुराच्या रेषेपाशी पंचवीस वर्षे काढणाऱ्याची सुमारे ६४ टक्के. हे मी घरी वहीत मांडून पुढच्या रविवारी सरांना दाखवले. त्यांनी ते शांतपणे वाचले, फळ्यावर सर्वांसमोर आपले टिपण दुरुस्त केले आणि तुकडीतल्या प्रत्येकाकडून ते पान परत मागवून बदलून दिले. शिक्षक म्हणून त्यांच्याविषयीचा माझा आदर त्या दिवशी वाढला. तरीही नव्या विद्यार्थ्यांनी टिपणांतील आकडे स्वतः पडताळल्याशिवाय आपल्या लेखनात घेऊ नयेत, असे मी सुचवीन.

चौथ्या रविवारी एका गाजलेल्या प्रयोगावरून चांगलाच वाद झाला. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोव्हिक या संशोधकांनी २००७ साली तो प्रसिद्ध केला. सहभागी लोकांना एका कामाचे पाच डॉलर देण्यात आले आणि नंतर आफ्रिकेतील उपासमारीसाठी त्यांतून दान करण्याचे आवाहन करण्यात आले. काहींना माली देशातील रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीविषयी सांगितले, काहींना नुसती आकडेवारी दिली आणि काहींना दोन्ही एकत्र दिले. मुलीविषयी वाचणाऱ्यांनी सरासरी २.३८ डॉलर दिले, आकडेवारी वाचणाऱ्यांनी १.१४ डॉलर, आणि दोन्ही वाचणाऱ्यांनी १.४३ डॉलर. म्हणजे गोष्टीला आकड्यांची जोड दिल्यावर दान वाढले नाही, घटले.

यावरून सरांनी असा धडा काढला, की वाचकाच्या मनात माणूस उभा केल्यावर त्याच परिच्छेदात आकडे आणू नयेत. तेवढे मला मान्य आहे आणि माझ्या नव्या अर्जात मी तसेच केले. पण पुढे जाऊन ते म्हणाले, की जेथे निवड करायची वेळ येईल तेथे गोष्ट ठेवावी आणि आकडे सोडावेत. हे मला पटले नाही, आजही पटत नाही. त्या प्रयोगातला वाचक एकटा बसून, क्षणभराच्या कळवळ्यातून, स्वतःच्या हातातले थोडे पैसे देत होता; त्याला उलट विचारणारे कोणी नव्हते. आमच्या सभेत सोळा कुटुंबे बसतात, प्रत्येकाला हजारो रुपये वर्गणी द्यावी लागणार असते आणि प्रत्येकाजवळ स्वतःचा अनुभव असतो. तिसऱ्या मजल्यावरचे काका दर वेळी उठून सांगत, की २०२४ च्या पावसाळ्यात पाणी गल्लीच्या तोंडाशीच थांबले, आत आले नाही. त्यांचे म्हणणे खरे होते. माझ्या माठातल्या इन्सुलिनला त्यांची कोरडी गल्ली हे उत्तर होते आणि दोन अनुभव समोरासमोर उभे राहिले की सभा दोन्हींना मान देऊन उठून जाते. तो पेच अनुभवाने सुटत नाही. तेथे आकडाच लागतो.

तो आकडा माझ्यासमोर होताच, मी त्याच्याकडे पाहिले नव्हते. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, हे कोल्हापुरात पावसाळ्यात शाळकरी मुलेही सांगतात. २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये नदी ५५ फुटांच्या वर गेली. २०२४ च्या जुलैत तिने धोका पातळी ओलांडली खरी, पण ती त्या दोन वर्षांच्या उंचीपासून बरीच खाली राहिली. काकांचे शीत खरे होते, पातेले वेगळे होते. आणि "आपल्या हयातीत पुन्हा नाही" म्हणणाऱ्यांसाठी २००५, २०१९ आणि २०२१ हे तीन मोठे पूर सोळा वर्षांच्या आत येऊन गेले, एवढे एक वाक्य पुरेसे होते.

पाचव्या रविवारी राजर्षी शाहू महाराजांचे उदाहरण घेतले गेले, ते कोल्हापुरातल्या वर्गात येणारच होते. १८९९ साली पंचगंगेवर महाराजांना वेदोक्त मंत्रांचा अधिकार नाकारला गेला, तो प्रसंग आणि १८९४ साली ते गादीवर आले तेव्हा राज्यकारभारातील ७१ वरिष्ठ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण अधिकारी होते, ही नोंद. एक अनुभव आणि एक आकडा, दोहोंतून २६ जुलै १९०२ चा निम्म्या रिक्त जागा मागासवर्गीयांसाठी राखण्याचा आदेश आला, अशी मांडणी सरांनी केली. मांडणी प्रभावी होती. पण त्या आदेशाचा मजकूर पाहिला तर त्यात महाराजांच्या स्वतःच्या अपमानाचा शब्दही नाही. मागे राहिलेल्या वर्गांच्या शिक्षणासाठी केलेल्या प्रयत्नांना अपेक्षित यश आले नाही, याची खंत तेथे आहे आणि त्यावरचा उपाय आहे. ज्यांच्यापाशी इतका बोचरा अनुभव होता, त्यांनी तो हुकुमाबाहेर ठेवला. अनुभव लेखकाला लिहायला बसवतो, परंतु प्रत्येक वेळी त्याने कागदावर आलेच पाहिजे असे नाही, ही बाजू वर्गात मांडली गेली असती तर तो रविवार फार मोलाचा झाला असता. मी ती मांडण्याचा प्रयत्न केला. वेळ संपली होती.

वेळेची अडचण शेवटच्या रविवारी सर्वाधिक जाणवली. प्रत्येकाच्या मसुद्यावर सविस्तर चर्चा होईल असे सांगितले होते, पण चोवीस जणांमध्ये तीन तास वाटले गेले आणि माझ्या वाट्याला जेमतेम सहा-सात मिनिटे आली. तुकडी बारा जणांची असती, तर शुल्क वाढवले तरी चालले असते. तरीही त्या सहा मिनिटांत सरांनी विचारलेला एक प्रश्न माझ्या अर्जाचा कणा ठरला. मी लिहिले होते, की समोरच्या इमारतीचे मीटर पहिल्या मजल्यावर असल्यामुळे पाणी उतरल्यावर त्यांचा पुरवठा आमच्या पाच दिवस आधी सुरू झाला. "समोरची एक इमारत झाली. गल्लीत बाकीच्या किती आहेत, त्यांचे काय झाले?" असे त्यांनी विचारले.

मी दोन संध्याकाळी गल्लीत फिरले. आमची धरून अकरा इमारती आहेत. चार ठिकाणी मीटर पहिल्या मजल्यावर आहेत आणि त्या चारही इमारतींच्या सचिवांनी सांगितले, की पाणी उतरून तपासणी होताच त्यांची वीज आली. तळमजल्यावर मीटर असलेल्या सातांपैकी सहा ठिकाणी मीटर बदलावे लागले. सातवी इमारत उंचवट्यावर आहे, तिच्या मीटरपर्यंत पाणी पोहोचलेच नव्हते आणि तेही मी अर्जात लिहिले. आपल्या बाजूने नसलेली नोंद स्वतःहून सांगितली की उरलेल्या नोंदींवर वाचणाऱ्याचा विश्वास बसतो, हे सरांचे म्हणणे मला सभेत खरे ठरताना दिसले, कारण त्या सातव्या इमारतीचा मुद्दा घेऊनच एक सभासद उठले होते आणि अर्जात तो वाचून पुन्हा बसले.

नवा अर्ज सव्वा पानाचा होता. माठातल्या इन्सुलिनची चार वाक्ये सुरुवातीला, मग गल्लीतल्या अकरा इमारतींची नोंद, मग नदीच्या पातळ्या, काकांचा २०२४ चा अनुभव त्यांच्या परवानगीने आणि शेवटी वायरमनने दिलेला खर्चाचा अंदाज. सोळापैकी अकरा मते अर्जाच्या बाजूने पडली. काकांनी विरोधात मत दिले, परंतु वर्गणी सर्वांत आधी त्यांचीच जमा झाली. काम पावसाळ्यापूर्वी सुरू होईल.

पुढची तुकडी दिवाळीनंतर सुरू होणार आहे. परीक्षेच्या निबंधासाठी जाणाऱ्यांनाही वर्गाचा उपयोग होईल, मात्र ज्यांच्या हाती खराखुरा अर्ज, तक्रार किंवा निवेदन आहे त्यांना तो अधिक होईल. त्यांनी आपला मसुदा पहिल्याच दिवशी दोन प्रतींत नेऊन सरांच्या हाती द्यावा आणि शेवटच्या रविवारची वाट पाहू नये. खोली दुसऱ्या मजल्यावर आहे, जिना अरुंद आहे आणि लिफ्ट नाही; गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी आधी कळवल्यास सर खालच्या ओसरीत बसून वर्ग घेतात, असे त्यांनी आमच्या तुकडीतल्या एका आजींसाठी सलग दोन रविवार केले होते.